कोकणातील पावसात बटरफ्लाय बुश कसे जगवावे?

समुद्रकाठची परसबाग (गुहागर परिसर)

सर्वांना नमस्कार. आमचे घर समुद्रापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर आहे. घराभोवती चिऱ्याचा गडगा, मागे नारळाची नऊ-दहा झाडे आणि विहिरीच्या कडेला आठ-दहा पावलांची मोकळी जागा, एवढीच आमची परसबाग. गेल्या ऑक्टोबरमध्ये महामार्गालगतच्या एका नर्सरीतून मी ‘बटरफ्लाय बुश’ या नावाने विकली जाणारी दोन रोपे आणली आणि विहिरीजवळ जमिनीतच लावली, कारण तेथे दुपारी तीनपर्यंत ऊन असते आणि पाणी घालणेही सोयीचे जाते. जानेवारीत त्यांपैकी एका रोपाला जांभळ्या रंगाचे, वीतभर लांबीचे तीन तुरे आले. त्यांना मधासारखा वास होता आणि तो संध्याकाळी पडवीपर्यंत येत असे. त्या दिवसांत मला फार आनंद झाला होता, हे मोकळेपणाने सांगते.

एप्रिलमध्ये मात्र पानांवर बारीक फिकट ठिपके पडू लागले आणि पाने धुरकट दिसू लागली. मे महिन्यात ती थोडी सावरली. जूनचा पाऊस स्थिरावल्यानंतर पंधरा दिवसांत एक रोप उभ्या-उभ्या माना टाकून मेले. आता श्रावण सुरू आहे आणि दुसऱ्या रोपाचीही खालची पाने पिवळी होऊन गळत आहेत. माती ओली असूनही पाने दुपारी कोमेजल्यासारखी लोंबतात. पाणी कमी पडले असे म्हणावे, तर गेले दोन महिने पावसाने उसंत दिलेली नाही.

माझ्या शंका अशा. हे झाड कोकणात मुळात टिकते का? टिकत असेल, तर ते जमिनीत असावे की कुंडीत, आणि त्याची छाटणी केव्हा करावी? मी वाचले होते त्याप्रमाणे छाटणी हिवाळ्याच्या शेवटी करायची असते, परंतु तो सल्ला बर्फ पडणाऱ्या देशांसाठी लिहिलेला असावा. आमच्या सासूबाईंचे म्हणणे असे की, एवढा त्रास घेण्याऐवजी व्हाळाच्या काठची निरगुडी आणून लावावी, तिच्यावरही फुलपाखरे येतात. त्यांचे म्हणणे मला पटते, तरीही हे एक रोप हातचे जाऊ नये असे मनापासून वाटते. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

जांभा आणि माती (देवरुख परिसर)

ताई, आपला प्रश्न नेमका असल्यामुळे उत्तर देणे सोपे जात आहे. तरी पहिली गोष्ट म्हणजे झाडाची ओळख पक्की करून घ्यावी, कारण आपल्याकडे ‘बटरफ्लाय बुश’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी झाडे विकली जातात. एक म्हणजे बडलिया, शास्त्रीय नाव बडलिया डेव्हिडी, जे मूळचे चीनमधील डोंगराळ भागातले आहे. दुसरे म्हणजे रोथेका, जुन्या नावाने क्लेरोडेंड्रम, जे पूर्व आफ्रिकेतले असून ‘ब्ल्यू बटरफ्लाय बुश’ म्हणून मिळते. रोथेकाचे एकेक फूलच फुलपाखरासारखे दिसते: चार पाकळ्या फिकट निळ्या, एक गडद निळी-जांभळी, आणि मिशांसारखे बाहेर वळलेले लांब पुंकेसर. हे दुसरे झाड आपल्या दमट हवेत विनातक्रार वाढते. आपण वीतभर तुरा आणि मधाचा वास असे लिहिले आहे, त्यावरून आपले झाड बडलियाच असावे. खात्रीसाठी पान उलटून पाहावे. बडलियाच्या पानाची खालची बाजू पांढुरक्या लवेने भरलेली असते, पाने समोरासमोर जोडीने येतात, कोवळी फांदी बोटांत फिरवली तर चौकोनी लागते, आणि तुऱ्यातील प्रत्येक इवल्या फुलाला चार पाकळ्या व मध्ये नारिंगी डोळा असतो.

आता रोगाबद्दल. माती ओली असताना पाने लोंबणे याचा अर्थ झाडाला पाणी मिळत नाही असा नसून, पाणी घेणारी मुळेच उरलेली नाहीत असा असतो. ही मूळकूज आहे. बडलिया हे झाड मूळचे दगडगोट्यांच्या उतारावर, नदीच्या पात्रालगतच्या वाळूखडीत उगवणारे आहे. त्याला उन्हाळा सोसतो, हलकी माती सोसते, परंतु मुळांभोवती साचलेले पाणी सोसत नाही. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यातच आपल्या जमिनीची एक खोड आहे, जी नवख्या बागवानाच्या लक्षात येत नाही. वरची माती हात-दीड हात खोल असते आणि खाली जांभा लागतो. आपण हौसेने त्या जांभ्यात खड्डा खणतो, त्यात चांगली माती व शेणखत भरतो, आणि नकळत एक हौद तयार करतो. आजूबाजूचे पाणी त्या मऊ मातीत उतरते, पण खालून बाहेर पडायला त्याला वाट नसते. विहिरीजवळची जागा असल्यामुळे धुण्याभांड्यांचे पाणीही तिकडेच येत असणार.

झाड अजून उभे आहे, तेव्हा पावसाची उघडीप मिळताच ते मुळांसकट काळजीपूर्वक उपसावे. मुळांवरची माती पाण्याने हळूच धुवावी आणि एकेक मूळ दोन बोटांत धरून अलगद ओढून पाहावे. निरोगी मूळ फिकट व टणक असते. कुजलेल्या मुळाची साल मोज्यासारखी सुटून हातात येते आणि आत दोऱ्यासारखा नुसता गाभा उरतो. अशी सगळी मुळे धारदार कात्रीने निरोगी भागापर्यंत कापून टाकावीत. मुळे जेवढी कमी झाली, तेवढा वरचा भारही कमी केला पाहिजे, म्हणून फांद्यांची निम्म्याहून अधिक उंची छाटावी आणि उरलेल्या मोठ्या पानांतलीही अर्धी काढावीत. त्यानंतर झाड कुंडीत लावून पडवीच्या वळचणीला असे ठेवावे की वरून उजेड भरपूर मिळेल, परंतु पागोळ्या कुंडीत पडणार नाहीत.

कुंडी बारा ते चौदा इंचांची मातीची घ्यावी, कारण तिच्या अंगातून ओल बाहेर जाते. खालचे भोक मोठे करून घ्यावे आणि कुंडी दोन चिऱ्यांच्या तुकड्यांवर ठेवावी. भरताना दोन भाग माती, दोन भाग नदीची जाड रेती किंवा चाळून बारीक पूड काढलेली चिऱ्याची खडी, आणि एक भाग पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे खत असे मिश्रण घ्यावे. समुद्राची वाळू कितीही जवळ असली तरी वापरू नये, तिच्यातील मीठ मुळांना भोवते. काथ्याचा भुसाही पावसाळ्यात नको, तो पाणी धरून ठेवतो. आणखी एक गोष्ट म्हणजे जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि बडलियाला चुनखडीची जमीन मानवते. परदेशात तर ते पडक्या भिंतींच्या चुन्यात आपोआप उगवते. कुंडीच्या मिश्रणात दोन चमचे शिंपल्यांचा चुना मिसळल्यास पुरेसे होते. झाड सावरून नवी पालवी फुटेपर्यंत कोणतेही खत देऊ नये. जखमी मुळांना शेणखताची ऊबसुद्धा सोसत नाही.

छाटलेल्या फांद्या फेकून देऊ नयेत, हे विशेष आग्रहाने सांगतो. त्यांतल्या पेन्सिलीपेक्षा थोड्या बारीक, ना फार कोवळ्या ना फार जून अशा भागाचे वीतभरापेक्षा थोडे लहान तुकडे करावेत, खालची पाने काढावीत आणि ओलसर रेतीत आडोशाला लावावेत. बडलियाची कलमे सहज रुजतात, तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. मूळ झाड गेले तरी त्याचा वंश आपल्या हाती राहील.

एप्रिलमधील ठिपक्यांबद्दल सांगायचे तर तो लाल कोळ्यांचा उपद्रव असावा. पुन्हा तसे दिसल्यास पानांखाली पांढरा कागद धरून फांदी झटकावी. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले, तर शंका उरत नाही. औषधाची गरज नसते. पानांच्या खालच्या बाजूवर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा आठवडाभर रोज मारला की ते आटोक्यात येतात. समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात, त्यावरही हाच उपाय चालतो.

समुद्रकाठची परसबाग

आपले अतिशय आभार. काल दुपारी उघडीप मिळाल्यावर झाड काढले. आपण लिहिले तसेच निघाले. पानाची खालची बाजू पांढुरकी आणि फांदी चौकोनी, म्हणजे बडलियाच आहे. खड्ड्याच्या तळाशी दोन बोटे पाणी साचलेले होते आणि त्याला कुबट वास येत होता. मुळांपैकी साधारण तिसरा हिस्सा निरोगी निघाला, बाकीची साल हातात आली. झाड कुंडीत लावले आहे आणि नऊ कलमे रेतीत लावली आहेत. सासूबाईंनी कुंडीभोवती झावळ्यांच्या झापांचा आडोसा करून दिला. छाटणीच्या वेळेबद्दल मात्र अजून मार्गदर्शन हवे आहे.

आगर राखणारा (रेवदंडा)

छाटणीबद्दल माझे मत मांडतो. आमच्याकडे आगरात नारळी-पोफळीची सावली असल्याने बडलिया लावून उपयोग झाला नाही. त्याला किमान सहा तास थेट ऊन लागते, सावलीत ते काड्यांसारखे उंच वाढते आणि फुलत नाही. म्हणून मी ते गच्चीवर मोठ्या कुंडीत ठेवले. मी दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात ते गुडघ्याएवढे छाटतो. त्यामुळे पावसाच्या वाऱ्यात झाड हेलपाटत नाही, पानांत हवा खेळती राहते आणि बुरशी कमी लागते. पाऊस सुरू झाल्यावर नवी फूट जोमाने येते. मला तरी हीच वेळ योग्य वाटते.

जांभा आणि माती

दादा, आपल्या गच्चीवर वारा आणि निचरा दोन्ही चांगले असल्यामुळे आपल्याला ते साधत असेल, परंतु ताईंना हा सल्ला देताना मला संकोच वाटतो. मी स्वतः तीन वर्षे मे महिन्यात छाटणी केली. त्यांपैकी दोन वर्षी असे झाले की, मेच्या अखेरीस वळवाच्या सरी आल्या, छाटलेली टोके सुकण्याआधीच भिजली आणि तेथून फांदी काळी पडत खाली उतरत गेली. शिवाय पावसात आलेली नवी फूट कोवळी, पाणीदार आणि लांबट असते. बडलिया नव्या फुटीवरच फुलतो, हे त्याच्या छाटणीचे मूळ सूत्र आहे. पावसातल्या त्या फुटीला तुरे आलेच, तरी ते जुलै-ऑगस्टच्या झडीत भिजून तपकिरी होतात आणि त्यांचा ना आपल्याला उपयोग ना फुलपाखरांना.

थंड देशांत हिवाळ्याच्या शेवटी छाटायचे कारण असे की, तेथे झाडाची विश्रांती तेव्हा संपते. आपल्याकडे बडलियाची सक्तीची विश्रांती म्हणजे पावसाळा. त्यामुळे ती संपतानाच, म्हणजे पाऊस ओसरून ऊन पडू लागले की साधारण नवरात्राच्या सुमारास, मुख्य छाटणी करावी असे माझे मत झाले आहे. जमिनीपासून हातभर उंचीवर, जोडीने फुटणाऱ्या डोळ्यांच्या थोडे वर कापावे. माझ्या झाडाला त्यानंतर अडीच-तीन महिन्यांनी, म्हणजे डिसेंबरच्या उत्तरार्धापासून तुरे येतात आणि थंडीचे स्वच्छ दिवस त्यांना लाभतात. सुकलेला तुरा त्याखालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापत राहिले की बाजूने लहान तुरे येत राहतात आणि हे फेब्रुवारीपर्यंत चालते. मे महिन्यात फक्त वाळलेल्या व आत वाढलेल्या काटक्या काढाव्यात, तेही पावसाच्या तीन आठवडे आधी.

ताई, यंदा आपले झाड अगोदरच अर्धे छाटले गेले आहे, त्यामुळे नवरात्रात पुन्हा खोल छाटणी करू नये. फुटीचे शेंडे तेवढे खुडावेत.

वाडीवरचा निवृत्त शिक्षक (वेंगुर्ले तालुका)

चर्चा वाचून समाधान वाटले. झाड जगवण्याबद्दल वरील मंडळींनी सांगितले ते योग्यच आहे. ताईंच्या प्रश्नातली मला सर्वांत जवळची वाटलेली गोष्ट म्हणजे सासूबाईंची निरगुडी, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो.

बडलिया हे नाव ॲडम बडल या इंग्रज धर्मगुरूच्या व वनस्पती-अभ्यासकाच्या स्मरणार्थ लिनियसने दिले आणि डेव्हिडी हे आर्माँ डेव्हिड या फ्रेंच मिशनऱ्याचे नाव आहे, ज्याने एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये ही वनस्पती पाहिली. युरोपात ती बागेत आली आणि बागेबाहेर पडली. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत कोसळलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यांवर आणि रेल्वेमार्गांच्या कडेने ती ब्रिटनभर पसरली, कारण तिचे बी धुळीएवढे बारीक, पंख असलेले असते आणि एका झाडाला ते लाखोंच्या संख्येने येते. अमेरिकेतील ओरेगन व वॉशिंग्टन या राज्यांनी तिला उपद्रवी तणांच्या यादीत घातले आहे. कोकणात आपण टणटणी आणि रानमोडी यांनी काय केले ते डोळ्यांनी पाहत आहोत. त्या दोन्हींवरही फुलपाखरे झुंबडीने बसतात, पण तेवढ्याने त्या आपल्या हिताच्या ठरत नाहीत. आपल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, पावसाळ्यात उगवणारी सीतेची आसवे आणि त्यांच्यासोबतची इवली रोपे दुसरीकडे सहज सापडत नाहीत. तेव्हा बडलिया लावणाऱ्याने सुकलेले तुरे बी पिकण्याआधी कापावेत आणि जाळून टाकावेत, ते कंपोस्टात किंवा गडग्यापलीकडे टाकू नयेत. येथील पावसात हे झाड तग धरत नाही म्हणून निर्धास्त राहणे मला योग्य वाटत नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. बडलिया फुलपाखराला मकरंद देते, पण त्याच्या पिल्लांना आपल्याकडे काहीही देत नाही. फुलपाखरू येते, पिते आणि अंडी घालायला दुसरीकडे निघून जाते. ते आपल्याच आवारात राहावे असे वाटत असेल, तर सुरवंटाचे झाड लागते, आणि त्या बाबतीत कोकणातील घर हे कोणत्याही विकतच्या रोपापेक्षा संपन्न आहे. आपल्या राज्याने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेली राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, लिंबाच्या कुळातील झाडांवर अंडी घालते. लाइम बटरफ्लायला परसातला कढीलिंब पुरतो. कढीलिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे काही दिसले, तर ते पुसण्याआधी नीट पाहावे. तो त्याचाच लहान सुरवंट असतो. पुढे तो हिरवा होतो, आणि त्याला बोट लावले तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन मऊ शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडतो. हळदीकुंकू हे फुलपाखरू आंब्यावरच्या बांडगुळावर वाढते. बांडगूळ आंब्याचा रस शोषते हे खरे असल्याने बागेतली सगळी बांडगुळे काढावीच लागतात, पण कुंपणाकडेच्या एखाद्या रायवळावर एक राहू दिले तर हापूसचे काही बिघडत नाही. प्लेन टायगरला रुई, टेल्ड जेला उंच वाढणारा खोटा अशोक व रामफळ, एमिग्रंटला बहावा, कॉमन क्रोला कण्हेर पुरते. आंब्याचे आणि काजूचे पान खाणारे बॅरन हे फुलपाखरू तर माझे विशेष आवडते. त्याचा हिरवा सुरवंट पानाच्या मधल्या शिरेवर सरळ रेषेत पडून राहतो. त्याच्या पाठीवरची फिकट रेघ त्या शिरेशी जुळते आणि अंगाच्या दोन्ही बाजूंची पिसांसारखी केसाळ शिंगे पानाच्या उपशिरांत मिसळून जातात. मी विद्यार्थ्यांना पान हातात देऊन सुरवंट शोधायला सांगत असे, तेव्हा वर्गातील निम्म्या मुलांना तो डोळ्यांसमोर असून दिसत नसे.

मकरंदासाठी निरगुडी खरोखर उत्तम आहे. तिचेही तुरे निळसर जांभळे असतात, ती खाडीकाठच्या खारट हवेत टिकते, गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, आणि सांधे दुखू लागले की शेकायला पाला घरातच मिळतो. तिच्या जोडीला पेंटगुळ लावावी, ती जवळजवळ वर्षभर फुलते. पावसाळ्यात जेव्हा इतर फुले नसतात, तेव्हा दिंडा आणि पगोडा उपयोगी पडतात. पगोड्याच्या शेंदरी झुपक्यांवर भर श्रावणात राणी पाकोळी हमखास येते. पगोडा मुळांतून फुटवे काढत सरकतो, तेवढे लक्ष ठेवावे. भूतकेसाचे एक झुडूप असावे. गडग्याच्या कडेला घागरी, म्हणजे खुळखुळ्याची रोपे, वाळू द्यावीत. ब्लू टायगरचे नर त्यांच्या वाळक्या शेंगा-पानांवर रस ओरपायला जमतात. आणि विहिरीजवळ जेथे बडलियाने मान टाकली, तेथील ओली माती तशीच राहू द्यावी. उन्हाळ्याच्या दुपारी त्या चिखलावर फुलपाखरांचे नर क्षार शोषण्यासाठी ओळीने बसतील. बडलियाला जे मारक ठरले, ते त्यांना हवेच असते.

एक सूचना अगदी आवर्जून करतो, कारण तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. आपला बडलिया डिसेंबर ते फेब्रुवारीत फुलणार, आणि नेमक्या त्याच काळात आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे व फुलकिडे यांच्यासाठी फवारण्या चालतात. फवारणीचे तुषार वाऱ्याबरोबर आले, तर आपण मांडलेले ताट विषारी होते. तीन वर्षांपूर्वी माझ्या अंगणात एका सकाळी तुऱ्यांखाली सतरा फुलपाखरे पडलेली मी मोजली. त्यांतली काही अजून पंख हलवत होती. शेजारच्या बागायतदारांचा त्यात दोष नव्हता, त्यांचे वर्षाचे उत्पन्न त्या मोहोरावर होते. मी त्यांच्याकडे जाऊन फवारणीच्या तारखा आधी कळवण्याची विनंती केली आणि त्यांनी ती लगेच मान्य केली. आता फवारणीच्या आदल्या संध्याकाळी मी उमललेले तुरे कापून घरात पाण्यात ठेवतो. दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, हे ध्यानात घेऊन बाग पश्चिमेला असेल तर कुंडी घराच्या पूर्वेला हलवावी. कुंडीत लावण्याचा हा आणखी एक फायदा. आणि स्वतःच्या झाडावर, मग तो पिठ्या ढेकूण असो की मावा, झाडाच्या अंगात भिनणारे कीटकनाशक कधीही वापरू नये, कारण ते मकरंदापर्यंत पोहोचते. कडुनिंबाचे तेलसुद्धा कढीलिंबावर किंवा लिंबावर मारल्यास सुरवंट मरतात, ते नैसर्गिक आहे म्हणून निवडक नसते.

आगर राखणारा

गुरुजी, तुरे कापून ठेवण्याची युक्ती आजवर सुचली नव्हती. छाटणीबद्दलही विचार बदलतो आहे. माझ्याकडे दोन कुंड्या आहेत. यंदा एक मेमध्ये छाटून झालीच आहे, दुसरी तशीच राहिली होती, ती नवरात्रात छाटेन आणि दोन्हींचे तुरे मोजून येथे कळवीन.

समुद्रकाठची परसबाग

आज घटस्थापना झाली, म्हणून सर्वांना हकीकत कळवत आहे. नऊ कलमांपैकी पाच रुजली, चार काळी पडली. मूळ झाडाला सहा ठिकाणी नवी फूट आली आहे. पाने अजून लहान आहेत, पण लव भरपूर असल्यामुळे पहाटेच्या दवात ती चंदेरी दिसतात. सांगितल्याप्रमाणे शेंडे खुडले आहेत. सासूबाईंनी स्वतः व्हाळावरून निरगुडीच्या तीन फांद्या आणून गडग्यालगत लावल्या आणि तिन्ही फुटल्या. गुरुजींचे लिहिणे वाचून मी रोज आंब्याची पाने उलटसुलट पाहत होते. आठव्या दिवशी खालच्या फांदीवर बॅरनचा सुरवंट सापडला. मुलीला पान दाखवले तर तिला तो दोन मिनिटे दिसलाच नाही.

एक शेवटची शंका आहे. कलमांच्या पिशव्यांच्या भोकांतून पांढरी मुळे डोकावू लागली आहेत. ती आताच कुंडीत लावावीत का, की पाऊस पूर्ण जाईपर्यंत थांबावे?

जांभा आणि माती

थांबू नये. मुळे पिशवीत गुंडाळू लागली की पुढे ती बाहेर पसरत नाहीत. आठ इंचांच्या कुंड्यांत तेच रेतीचे मिश्रण भरून आठवडाभरात लावावीत, पहिले चार-पाच दिवस पडवीत आणि नंतर सकाळच्या उन्हात ठेवावीत. परतीच्या पावसाची संध्याकाळची सर आली तर तेवढ्यापुरत्या आत घ्याव्यात. पाचांपैकी दोन कुणाला द्यायच्या असतील, तर सुकलेले तुरे कापण्याची सूचना रोपासोबत जरूर द्यावी.